केसांना हात लावण्याआधी भाव सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीचे लग्न लागले की आमच्या डोंबिवलीत शिलाईवाल्या बायकांकडे आणि ब्युटी पार्लरमध्ये एकदमच गर्दी होते. मी बरीच वर्षे घरी ब्लाउज शिवते. नवऱ्या मुली, त्यांच्या करवल्या, आया, मावश्या माप देता देता बोलत असतात. या लग्नसराईत त्यांच्या तोंडून एक तक्रार सारखी ऐकली : पार्लरने सांगितले एक आणि घेतले भलतेच. मग माझ्याच धाकट्या मुलीच्या साखरपुड्याच्या आधी तोच प्रकार आमच्या घरी घडला. त्याची हकिगत आणि त्यातून जे कळले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हे पत्र.

मुलीने आदल्या आठवड्यात स्टेशनजवळच्या एका पार्लरला व्हॉट्सॲपवर आपल्या केसांचा मागून काढलेला फोटो पाठवला होता आणि स्मूथनिंगचा, म्हणजे केस सरळ करून घेण्याचा, भाव विचारला होता. उत्तर आले : ‘ऑफर प्राइस ३,५०० ओन्ली. एनी लेंथ.’ ती पहिल्या नोकरीच्या पगारातून पैसे बाजूला काढून, सुट्टीच्या दिवशी सकाळी तिथे गेली. दुपार उलटून गेल्यावर मला तिचा फोन आला. दबक्या आवाजात म्हणाली, “आई, माझ्या खात्यात पाच हजार टाक ना, नंतर सांगते.” बिल झाले होते ८,६१४ रुपये.

ते बिल माझ्यासमोर आहे. स्मूथनिंग ३,५००. केसांची लांबी व दाटपणा यासाठी जादा १,५००. हेअर स्पा १,२००. शाम्पूची बाटली १,१००. एकूण ७,३००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,३१४. या पाच ओळींपैकी पहिली सोडली तर एकही तिला आधी सांगितलेली नव्हती.

लोक विचारतात, मग तिथेच नाही म्हणायचे होते. हा प्रश्न मला फार लागतो, कारण तो विचारणाऱ्याने स्मूथनिंग कसे होते ते पाहिलेले नसते. आधी केसांना क्रीम लावतात. ते केसांतल्या प्रथिनांचे बंध सैल करते. मग केस धुऊन, वाळवून, गरम प्रेसने बटाबटांनी सरळ करतात. त्यानंतर न्यूट्रलायझर लावतात, तेव्हा ते बंध नव्या आकारात पुन्हा जुळतात. या सगळ्याला चार-पाच तास सहज जातात. क्रीम लागल्यावर आणि न्यूट्रलायझर लागायच्या आधी उठून गेले तर केसांची वाट लागते. माझ्या मुलीला लांबीचे जादा पैसे सांगितले ते नेमके क्रीम लावून झाल्यावर. “केस खूपच दाट आहेत मॅम, दुसरी ट्यूब फोडावी लागली.” आणि स्पाचे सांगितले ते प्रेसिंग चालू असताना. “केमिकलनंतर स्पा केला नाही तर केस गळतील, मग आमची जबाबदारी नाही.” आठ दिवसांवर साखरपुडा असलेली मुलगी, गळ्याभोवती कापड बांधलेले, केसांत रसायन. तिने होकार दिला म्हणतात. त्या होकाराला मी होकार मानत नाही.

पुरुषांचीही यातून सुटका नाही, पण तिथे रक्कम लहान असते म्हणून बोलले जात नाही. माझ्या मिस्टरांना एका नव्या एसी सलूनमध्ये कटिंग चालू असताना मुलाने विचारले, “काका, डोक्याला थोडं तेल लावून देऊ?” त्यांनी मान हलवली आणि कटिंगपेक्षा तेलाचेच पैसे जास्त झाले. दाढी करताना गालावर काहीतरी लावून झाल्यावर ‘हे डी-टॅन होतं सर’ असे सांगणे हा त्याच जातीचा प्रकार. याउलट आमच्या गल्लीतले जुने सलून पाहा. आरशाच्या वर सेना महाराजांचा फोटो, शेजारी दरपत्रक : कटिंग इतके, दाढी इतकी, लहान मुलांची कटिंग इतकी. सोमवार बंद, तेही लिहिलेले. तिथे पैशांवरून आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. दर वाढतात, तेव्हा जुन्या आकड्यावर कागद चिकटवून नवा आकडा लिहिला जातो आणि गिऱ्हाईक तो वाचूनच खुर्चीत बसते.

माझ्या धंद्यात ब्लाउजचे पैसे ठरवताना शंभर गोष्टी असतात. अस्तर लावायचे का, पॅड हवेत का, मागचा गळा किती खोल, नॉट, लटकन, हुक की चेन. कापडाला कात्री लावली की परत फिरता येत नाही, म्हणून सगळे आधी विचारायचे, वहीत लिहायचे, आकडा सांगायचा आणि मग कात्री उचलायची. कापडाचे हे असेल, तर माणसाच्या डोक्यावरच्या केसांचे किती जपून करायला हवे!

दुसऱ्या दिवशी मी मुलीसोबत त्या पार्लरमध्ये गेले. मालकीणबाई स्वभावाने वाईट नाहीत. पाणी दिले, बसवले. म्हणाल्या, “ताई, केस दाट असले की माल जास्त लागतो. हे तुम्हीसुद्धा समजून घ्या ना.”

मी म्हटले, “लागतो, मला मान्य आहे. पण फोटो तुमच्याकडे आधीपासून होता. आणि सकाळी ती खुर्चीत बसली तेव्हा केस तुमच्या हातात होते. तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तेव्हा सांगितलं तर गिऱ्हाईक उठून जातं,” असे त्या सरळ बोलून गेल्या.

त्या वाक्यानंतर मला वाद घालायचे काही उरले नव्हते. भाव आधी कळला तर जो माणूस उठून जाईल, त्याला तो भाव उठता येणार नाही अशा वेळी सांगायचा. ही मोजमापात झालेली चूक नाही, ही धंद्याची पद्धत झाली आहे, आणि तिच्याविरुद्ध कायदा आपल्या बाजूने आहे हे फार थोड्या जणांना ठाऊक आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात तक्रार कशाची करता येते याची यादी आहे. दुकानात लावलेल्या दरपत्रकापेक्षा जास्त रक्कम घेतली, किंवा दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या रकमेपेक्षा जास्त घेतली, तर ती तक्रार होते. वस्तूइतकेच हे सेवेलाही लागू आहे, आणि केस कापणे, रंगवणे, सरळ करणे ही पैसे घेऊन दिलेली सेवाच आहे. किंमत आधी कळण्याचा हक्क ग्राहकाच्या हक्कांत स्पष्ट लिहिलेला आहे. बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणजे माझ्या मुलीच्या फोनमधला ‘३,५०० ओन्ली, एनी लेंथ’ हा निरोप म्हणजे मान्य झालेल्या रकमेचा पुरावा होता. तोंडी भाव ठरला असता तर आमच्या हातात काहीच राहिले नसते. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीला आता सांगते : फोनवर बोलणे झाले तरी नंतर एक ओळ लिहून पाठव, ‘कमरेपर्यंत केस, सगळे धरून इतके, कर धरून इतके, बरोबर ना?’ आणि त्यांचे ‘हो’ येईपर्यंत जाऊ नको. पैसेही रोख न देता यूपीआयने दे, म्हणजे तारीख आणि रक्कम दोन्हीची नोंद राहते. रक्कम पटली नाही पण वाद घालण्याची ताकद त्या क्षणी नसेल, तर पैसे दे आणि बाहेर पडताच ‘जादा रकमेला माझी हरकत आहे’ असा निरोप त्यांना पाठव.

आता कराच्या ओळीकडे येते, कारण तिच्याकडे कोणी बघतच नाही. सलून आणि पार्लरच्या सेवांवर पूर्वी १८ टक्के जीएसटी होता, हे खरे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आहे. मुलीचे बिल त्यानंतरचे, नोव्हेंबरमधले. तरी १८ टक्के लावलेले. त्यातही शाम्पूच्या बाटलीची १,१०० ही छापील किंमत. एमआरपीमध्ये सगळे कर आधीच धरलेले असतात, त्यावर पुन्हा कर लावताच येत नाही. म्हणजे उरलेल्या ६,२०० रुपयांच्या सेवेवर फार तर ३१० रुपये कर व्हायला हवा होता, घेतले १,३१४. आणि सर्वांत महत्त्वाचे, बिलावर जीएसटी क्रमांकच नव्हता. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर आपल्या राज्यात सहसा नोंदणी करावी लागत नाही, आणि ज्याची नोंदणीच नाही त्याला ग्राहकाकडून हा कर घेण्याचा अधिकार नाही. नोंदणी असेल तर प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावायचे असते आणि क्रमांक बाहेरच्या पाटीवर हवा. क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की तो कोणाच्या नावावर आहे ते कोणालाही फुकट पाहता येते. मी हे मालकीणबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, सॉफ्टवेअरमध्ये जुनेच टाकलेले आहे. मग तो जास्तीचा कर गेला कुठे, याला उत्तर मिळाले नाही.

त्या दिवशी काही हाती लागले नाही. घरी येऊन मुलीने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तिथे मराठीत बोलता येते, हे मुद्दाम सांगते, कारण माझ्या ओळखीच्या कित्येक बायका हिंदी-इंग्रजीच्या धास्तीने फोनच करत नाहीत. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नाही. ती तक्रार नोंदवते, क्रमांक देते, समोरच्याशी बोलून तोडगा निघतो का पाहते आणि पुढचा रस्ता सांगते. त्याच्या जोडीला आम्ही पार्लरला एक साधे पत्र लिहून स्पीड पोस्टाने पाठवले. व्हॉट्सॲपच्या निरोपाची प्रत, बिलाची प्रत, प्रत्येक ओळीसमोर आमचे म्हणणे आणि पंधरा दिवसांत पैसे परत मिळावेत ही मागणी. वकील नव्हता, कायद्याची जड भाषा नव्हती. मुदत संपायच्या आत पार्लरमधून फोन आला. स्पाचे पैसे, कर आणि न उघडलेल्या शाम्पूची किंमत परत मिळाली. लांबीचे १,५०० मात्र देणार नाही म्हणतात.

त्या दीड हजारासाठी मुलगी आता ठाण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाणार आहे. ई-जागृती या पोर्टलवर १ जानेवारी २०२५ पासून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पुण्याला शिकणाऱ्या मुलीला तिथल्या पार्लरने फसवले आणि ती आता घरी साताऱ्याला परतली असेल, तर साताऱ्यातूनही तक्रार होते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. तक्रार कशी लिहायची हे समजत नसेल तर १९७५ पासून हेच काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आपल्या भागात आहे, त्यांचे कार्यकर्ते मार्गदर्शन करतात. दीड हजारासाठी एवढे कशाला, असे नातेवाईक म्हणाले. माझ्या मुलीला ते मिळवायला महिन्यातले कितीतरी दिवस लोकलने उभ्याने ये-जा करावी लागते. ते तिच्या कष्टाचे आहेत, आणि ते तिने परत मागावेत असे मला आई म्हणून मनापासून वाटते.

मात्र कागद हवेतच. दिल्लीतल्या एका बड्या हॉटेलच्या सलूनमध्ये २०१८ साली एका महिलेचे केस तिने सांगितल्यापेक्षा भलतेच आखूड कापले गेले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये तिला २ कोटी रुपये भरपाई दिली तेव्हा बातमी सगळीकडे झाली. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सेवेत त्रुटी होती या निष्कर्षात हात न घालता, एवढ्या रकमेला पुरावा काय असे विचारून तो आकडा रद्द केला आणि प्रकरण फेरविचाराला परत पाठवले. मोठ्या प्रकरणाचे हे, तर आपल्या छोट्या तक्रारीत निरोप, बिल आणि फोटो जपून ठेवणे किती गरजेचे आहे ते यावरून कळते.

पार्लरच्या बाजूनेही मला बोलायचे आहे, कारण त्यांच्यात माझ्या मैत्रिणी आहेत. डोंबिवली-कल्याणात दुकानाचे भाडे परवडत नाही, चांगल्या कंपनीचा माल महाग झाला आहे, आणि काम करणाऱ्या मुली दिवसभर पायांवर उभ्या असतात, ड्रायरच्या उष्णतेत, रसायनांच्या वासात. अनेक ठिकाणी त्यांना पगार कमी आणि कमिशन जास्त असते. आज इतके स्पा, इतक्या बाटल्या, इतक्या मेंबरशिप विकल्या पाहिजेत असे टार्गेट असते. खुर्चीतल्या मुलीला ‘केस गळतील’ म्हणून घाबरवणारी ती मुलगी बहुधा स्वतःच्या पगाराच्या काळजीत असते. म्हणून माझा राग तिच्यावर नाही. तुम्ही दर वाढवा. तीन हजाराचे आठ हजार करा. तुमची कला आहे, तुमचा माल आहे, ज्याला परवडेल तो येईल. जून २०२० च्या अखेरीस, करोनाच्या टाळेबंदीनंतर सलून उघडली तेव्हा दर वाढलेलेच होते. एकदाच वापरायचा टॉवेल, ॲप्रन, हातमोजे, सॅनिटायझर यांचा खर्च होता, तो दुकानदारांनी दारातच कागद लावून सांगितला आणि लोकांनी मुकाट्याने, उलट आपुलकीने दिला. आधी सांगितलेल्या पैशांबद्दल कुरबुर करणारे गिऱ्हाईक मी फार कमी पाहिले आहे.

‘९९९ पासून पुढे’ हे शब्द मात्र जायला हवेत. ‘पासून’ कळले, ‘पर्यंत’ कुठे आहे? खांद्यापर्यंतच्या केसांना इतके, पाठीपर्यंत इतके, कमरेपर्यंत इतके, दाट केसांना जास्तीत जास्त इतके, असे चार आकडे पाटीवर लिहायला अडचण कोणती? जे पार्लर अनेक वर्षे केस हाताळते त्याला पाहताक्षणी कळते की ट्यूब एक लागणार की दोन. खुर्चीत बसवण्याआधी एका कागदावर कामे आणि करासह रक्कम लिहावी, ग्राहकाची सही घ्यावी. मध्येच काही नवीन सुचवायचे असेल तर ते काय आहे, किती रुपयांचे आहे आणि नाही केले तर खरोखर काय होईल, हे सांगून, नाही म्हणण्याची मोकळीक देऊन सुचवावे. पार्लरवाल्यांच्या आणि नाभिक समाजाच्या स्थानिक संघटनांनी हे आपणहून सुरू करावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे. पुरुषांच्या जुन्या सलूनमधले दरपत्रक त्यांच्याच परंपरेतले आहे, ते बायकांच्या पार्लरमध्ये यायला हवे. आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेने दुकानांना परवाने देताना दरपत्रक दर्शनी भागात लावण्याची अट घालता येईल का, ते तपासावे.

लग्नसराई अजून बरेच महिने चालणार आहे. ज्या वाचकांच्या घरी अलीकडचे पार्लरचे बिल पडून असेल, त्यांनी ते टाकून देऊ नये. त्यावर जीएसटी क्रमांक आहे का, कर ५ टक्क्यांनीच लावला आहे का, आणि छापील किमतीच्या वस्तूवर पुन्हा कर चढवला आहे का, एवढे आजच पाहावे, आणि चुकले असेल तर १९१५ ला फोन करावा.

आपली नम्र,
शिवणकाम करणारी एक वाचक,
डोंबिवली (पूर्व)